पातळ कड

१४ ऑक्टोबर

दादा,

वर ‘तीर्थरूप’ लिहायला आज हात वळत नाही, म्हणून नुसतंच दादा. फोन केला असता, पण फोनवर तू मला बोलू कुठे देतोस? ‘बरं बरं, जेवलीस का’ करून विषय गुंडाळतोस. कागदाला मधेच तोडता येत नाही.

काल मी भिंगरीचा सर्फबोर्ड घेऊन समुद्रात गेले. ठरवून नाही. तुझी लेक माझ्या घरी सर्दीने लोळत होती, माझ्या बोर्डच्या शेपटीखालची फिन सैल झाली होती, आणि लाटा अशा लागल्या होत्या की घरात बसवेना. पांघरुणातून नाक बाहेर काढून तीच म्हणाली, आत्या, माझा ने की. नेला. काखेत धरला तेव्हाच काहीतरी ओळखीचं वाटलं, पण म्हटलं, दादाच्याच हातचा आहे, वाटणारच. पहिल्या लाटेवर उभी राहिले, टाचांवर भार दिला आणि बोर्ड वळला. मी मनात आणेपर्यंत वळलासुद्धा.

मी रडले रे. लाटेवर उभ्या उभ्या, एवढी घोडी झालेली बाई. खडकावर मोडलेल्या माझ्या जुन्या बोर्डसारखा वगैरे नव्हता तो. तोच होता.

बाहेर आल्यावर वाळूत पालथा घातला आणि दोन्ही कडा चिमटीत धरून नाकापासून शेपटीपर्यंत हात फिरवला. उजवी कड डावीपेक्षा पातळ. मागे, फिनच्या जरा वर, सगळ्यात पातळ. वीस वर्षांपूर्वी तिथे तुझा रंधा जास्त लागला होता आणि तू कपाळाला हात लावून बसला होतास. मी म्हणाले होते, असू दे, मला चालेल. चाललाच. माझा उजवा पाय पुढे असतो, टाचा नेमक्या त्या कडेवर पडतात, आणि माझ्या टाचांत मुळातच जोर कमी. तुझी ती चूक माझ्या पायांना अशी बसली, की मला दुसरा बोर्ड कधी लागला नाही. त्या चुकीबद्दल तू आणि मी सोडून कुणालाही माहीत नाही.

मग घरी येऊन माझा बोर्ड पालथा घातला. जुना मोडला तेव्हा दोन्ही तुकडे मी तुझ्याकडे पाठवले होते, त्यांच्यावरून तू केलेला. ‘हुबेहूब तोच, डोळे मिटून उभी राहा,’ असं म्हणून दिलेला. त्याच्या दोन्ही कडा सारख्या. गोल, जाड, गुबगुबीत. पोट रुंद, नाक जास्त उचललेलं. मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं, दादा, हा फुगल्यासारखा वाटतोय. तू म्हणालास, जुना वापरून वापरून बसला होता, त्यावर तुझ्या टाचांचे खड्डे पडले होते, नव्याला जरा वेळ दे. तू वेळ दे म्हणालास, मी वर्ष दिलं.

म्हणजे तुला हुबेहूब करता येत होता. केलासही. तो लेकीला दिलास आणि हा मला. का, एवढंच लिही. दोनच ओळी लिही, पण खऱ्या लिही.

भिंगरीला मी काही बोललेले नाही. माझे डोळे खाऱ्या पाण्याने लाल झालेत असं तिला वाटतंय.

धाकटी


२५ ऑक्टोबर

दादा,

पत्र मिळालं. दोन ओळी मागितल्या तर चार पानं आली, आणि त्यात उत्तर काय, तर ‘तुझ्या भल्यासाठी केलं.’ साखरेत घोळून किती छान लिहिलं आहेस! बोर्डांचा कारखाना बंद करून पुस्तकं का लिहीत नाहीस?

कबूल आहे, त्या दिवशी बोर्ड मोडला तेव्हा मी मरता मरता वाचले. समुद्रात बाहेरच्या खडकावर बोर्डचे दोन तुकडे झाले, एकामागून एक लाटा डोक्यावरून गेल्या, मला ओढून काढलं तेव्हा नाकातोंडातून रक्त येत होतं. आई हाय खाऊन बसली. वहिनीने तुला सांगितलं, आता हिला आवरा. आणि तू ठरवलंस की बाईला थांबवायचं. हे सगळं मला कळतं. पण तोंडावर सांगायची तुझी छाती झाली नाही. आपण कडाडून भांडलो असतो, मी महिनाभर तुझं तोंड पाहिलं नसतं, आणि मग जायचं की थांबायचं ते माझं मी ठरवलं असतं. तेवढंसुद्धा तुला मला द्यायचं नव्हतं. बोर्ड जाड केला, नाक उचललं, आणि म्हणालास, हुबेहूब तोच.

मी ते वर्ष कसं काढलं ते ऐक. दर दुसऱ्या लाटेवर वळताना पाय सुटायचे. गुडघे गेले असं वाटून डॉक्टरकडे गेले. तो म्हणाला, गुडघे ठणठणीत आहेत. मी डॉक्टर बदलला. दात घासताना एका पायावर उभी राहायचे, तोल सुधारावा म्हणून, आणि भिंगरी मला बगळा म्हणायची. दर वेळी पडले की संध्याकाळी तुला फोन. दादा, माझं वय झालं का रे? आणि तू काय म्हणायचास, आठवतं? ‘होतं गं असं. चाळिशी कुणाला चुकलीय?’ फोन ठेवून तू काय करत होतास? जेवत होतास?

आणि तो दिवस. बाहेरच्या खडकावर मोठ्या लाटांना मोजकीच माणसं जातात आणि त्यांत पहिली जागा एकाची असते. तो बसतो खडकाच्या अगदी लगत, पहिली लाट त्याची, बाकीचे मागे थांबतात. ही जागा कुणी मागून मिळत नाही, बाकीचे सरकतात तेव्हा मिळते. माझ्यासाठी ते मिशाळ बाप्ये सरकले होते, तेव्हा माझं लग्नसुद्धा मोडलं नव्हतं. बाकी बरंच काही गेलं, ती जागा राहिली. ती मी किनाऱ्यावर सगळ्यांसमोर उभी राहून सोडली. म्हणाले, माझं झालं, आता भिंगरीला बसवा. तू आणि वहिनी मुद्दाम गाडी करून आला होतात. तू माझ्या डोक्यावर हात ठेवलास आणि म्हणालास, ‘मोठं मन केलंस.’

तो हात मला अजून डोक्यावर जाणवतो आणि अंगाचा तिळपापड होतो.

चार पानांत एका गोष्टीवर मात्र तू मूग गिळून बसलास. खडकाची एवढी भीती होती, तर तिथेच स्वतःच्या मुलीला कसा पाठवतोस? माझ्या जिवाची काळजी आणि तिच्या जिवाची नाही? म्हणजे नुसती काळजी नव्हती ती. तुला ती जागा तुझ्या घरात हवी होती. अरे, मी दिली असती! काखेत धरून तिला पहिल्यांदा उभं केलं ते मी. कधीतरी मी आपल्या हाताने, धडधाकट पायांवर उभी राहून तिला ती दिली असती आणि मिरवलं असतं. तू माझ्याकडून ती खोटं सांगून काढून घेतलीस. केसाने गळा कापलास, दादा. आणि माझ्याच भाचीच्या नावाने, म्हणजे मला धड ओरडताही येऊ नये.

मला माझा बोर्ड हवा. आणि माझी जागा. कशी मिळवायची ते मला अजून कळत नाही.

धाकटी


६ नोव्हेंबर

दादा,

भांडण घटकाभर बाजूला ठेवते. हे नीट वाच, उभ्या उभ्या नको.

भिंगरी बरी झाली आणि रोज तोच बोर्ड घेऊन जाते. मी तीरावर बसून बघते. ती पडते आणि दर वेळी एकाच तऱ्हेने पडते. उठते छान, सुटते छान, लाटेकडे झुकली की बोर्ड उजव्या कडेवर चावल्यासारखा अडकतो आणि तिला डोक्यावर फेकतो. जवळच्या लाटांवर हसण्यावारी जातं, खाली वाळू आहे. बाहेर खाली काय आहे ते तुला सांगायला नको.

तिचा डावा पाय पुढे असतो, दादा. माझा उजवा. जिथे माझ्या टाचा पडतात तिथे तिच्या पायाची बोटं पडतात. माझ्या टाचांत जोर नाही म्हणून मला ती पातळ कड लागते. ती पोरगी बोटांनी दाबते, दणकून दाबते, तुझ्यासारखेच पंजे आहेत तिचे. ती कड एवढा दाब घेत नाही, पाण्यात घुसते. बाहेरच्या खडकावर लाट नेहमी उजवीकडे उघडते, म्हणजे सगळा भार त्याच कडेवर. तू शिकाऊ पोराला पहिल्या दिवशी विचारतोस, कुठला पाय पुढे? आपल्या लेकीला विचारायचं राहिलं का?

खरं सांगू, हे तुला माहीत असणार. पण तुझ्या चार पानांत एक वाक्य होतं, ‘त्या बोर्डात जादू आहे, तो कुणालाही खडकावर नेईल.’ पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी ते थट्टेवारी नेलं. आता उमगतंय, तू ते मनापासून मानतोस. वीस वर्षं मी तिथे जे केलं ते तुझ्या बोर्डने केलं असं तुला वाटतं. मी उभी राहिले की तुझा बोर्ड, आणि मी पडले की माझे गुडघे. म्हणून तू ती चूकसुद्धा जशीच्या तशी उतरवलीस, पॉलिश पेपर मारून मारून, केसाचाही फरक न ठेवता. कुणाच्या पायांसाठी होती ते विसरून.

काल ती नाकातली वाळू शिंकरत बाहेर आली. मी विचारलं, बोर्ड कसा वाटतोय? तिचं उत्तर जसंच्या तसं लिहिते.

“बोर्ड भारीच आहे गं आत्या. बाबा म्हणाले, असा त्यांनी दुसरा केलेला नाही. माझ्याच पायात काहीतरी खोट आहे.”

वाचलंस? पुन्हा वाच.

तिला तिच्या पायाचा नवा बोर्ड कर. तोवर फोन करून सांग, हा वापरू नको. मी सांगितलं तर ती कारण विचारणार, आणि कारण सांगायचं तर तुझं सगळं बिंग फोडायला लागेल. ती तुझ्यावर जीव टाकते. ते तिला माझ्या तोंडून कळावं असं मला वाटत नाही. अजूनही वाटत नाही, बघ.

आणि हो, मला तो बोर्ड हवाच आहे. रात्रंदिवस हवा आहे. हे मी नाकारत नाही. पण ही गोष्ट वेगळी आहे आणि ती गोष्ट वेगळी आहे, एवढा विश्वास ठेव.

धाकटी


१३ नोव्हेंबर

दादा,

कार्ड मिळालं. ‘तुला बोर्ड हवाय असं सरळ म्हण. पोरीच्या पायांचं निमित्त करू नकोस. ती जाणार.’

छान. चार पानांवरून तीन वाक्यांवर आलास.

हवामानवाले मोठ्या लाटा येणार म्हणताहेत. पाय घसरू नयेत म्हणून सगळा किनारा बोर्डांना मेण घासत बसलाय. भिंगरी आत्ता माझ्या ओट्यावर घासतेय आणि गाणं म्हणतेय, बेसूर, तुझ्याच वळणावर. पहिली जागा तिची, पहिली लाट तिची. मला म्हणाली, बाबांचा फोन आला होता, ते म्हणाले आत्याचं फार मनावर घेऊ नकोस, ती आता घाबरते.

मी घाबरते! तुझ्या बोर्डवरून पडून पडून मला घाबरट केलंस, आणि आता तेच माझ्या अंगाला चिकटवून तिच्या कानात ओतलंस. एखाद्याने किती खाली उतरावं त्याला काही धरबंध?

तुला विचारणं संपलं. आता काय करायचं ते मी बघेन.


१८ नोव्हेंबर

दादा,

आधी हे, म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. तुझी मुलगी सुखरूप आहे. गुडघा खरचटलाय, तोही माझ्या पायरीवर.

लाटा आल्या त्या सकाळी किनाऱ्यावर सगळे उभे होते. भिंगरी पुढे, तोंड पांढरं पडलेलं, पण हसत. मी माझा जाड बोर्ड घेऊन तिच्याशेजारी जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, तो इकडे दे, तू हा घे. तिला वाटलं मी थट्टा करतेय. मी तिचा बोर्ड वाळूत पालथा घालायला लावला आणि तिचे दोन्ही हात दोन्ही कडांवर ठेवले. बोर्ड बनवणाऱ्याची मुलगी आहे, बोटांना शिकवायला लागत नाही. हात शेपटीजवळ गेला आणि थांबला. मग मी एवढंच म्हणाले, हा उजवा पाय पुढे असणाऱ्याचा आहे, तुझ्या पायाचा नाही. तुझ्या पायात खोट नाही.

ती म्हणाली, “बाबांना हे कळलं नाही?”

मी म्हणाले, आधी पाण्यात चल.

गेलो. बाहेर पोचल्यावर मी मागे थांबले, सगळ्यांसमोर सोडलेली जागा, पुन्हा कुठल्या तोंडाने बसायचं? भिंगरीने पहिली लाट घेतली. तुझा तो जाड बोर्ड डगमगला नाही. खांबासारखी उभी राहिली पोरगी, शेवटपर्यंत. मी पाण्यात बसून एवढी ओरडले की घसा अजून बसलेला आहे. त्या बोर्डला मी नावं ठेवणार नाही. पहिल्यांदा खडकावर जाणाऱ्यासाठी उत्तम बोर्ड आहे. मला थांबवायला केलास आणि तुझ्या मुलीला त्याने तारलं.

ती परत येऊन म्हणाली, आत्या, आता तू. आणि म्हातारा मिशीवाला, ज्याने मला बोर्ड मोडला तेव्हा ओढून काढलं होतं, तो बोर्डसकट बाजूला सरकला. म्हणाला, बस की, तू जागा सोडल्यापासून तुझ्या नावाने शिव्या घालतोय आम्ही. बाकीचेही सरकले. मी बसले. लाट आली, उठले, टाचा टाकल्या. पुढचं काय सांगू? गुडघे ठणठणीत आहेत.

आता पुढचं.

दुपारी नळावर आम्ही बोर्ड धूत होतो. भिंगरी धुता धुता थांबली. जाड बोर्ड तिने मांडीवर आडवा घेतला आणि कडेवरून हात फिरवत राहिली, कितीतरी वेळ. नळ तसाच वाहत होता. मग माझ्याकडे न बघता म्हणाली,

“आत्या, हा शिकाऊ माणसाचा बोर्ड आहे. खडकावर बसणाऱ्या बाईला बाबांनी हा का दिला?”

मला खोटं सुचत होतं, दादा, अगदी चांगलं खोटं. बोर्ड कोरायचा फोमच तसा मिळाला होता म्हणावं, घाईत झाला म्हणावं. तिने ते मानलंही असतं. जिभेवर आलं आणि मला दिसलं, मी तिच्या भल्यासाठी बोलायला निघालेय. म्हणून नाही बोलले. खरंही नाही सांगितलं. पण ती तुझी मुलगी आहे, गप्प बसलेल्या माणसाकडून तिला बरंच कळतं. मी जागा सोडली त्या दिवशी तू माझ्या डोक्यावर हात ठेवलास तेव्हा ती माझ्या शेजारीच होती. खाली बसली, नळाच्या दगडावर, आणि तोंड ओंजळीत धरून म्हणाली, “ती जागा मला कुणी दिलीच नव्हती म्हणजे.” मी तिला जवळ घ्यायला गेले तर तिने हात झटकला. माझाही.

शनिवारी ती घरी येतेय. जाड बोर्ड घेऊन. तो तुझ्या कारखान्यात, तुझ्यासमोर ठेवणार आहे म्हणाली, आणि काय बोलायचं ते तिथे ठरवणार आहे. तिला चार पानांचं काही ऐकवू नकोस. वहिनीला मधे घालू नकोस. ती विचारेल ते सांग.

तुला क्षमा वगैरे मी केलेली नाही. पुढे करेन का, माहीत नाही. आईसाठी सणावाराला येईन, जेवेन, तुला वाढीनसुद्धा. पण एक ठरवलंय ते आत्ताच सांगून ठेवते. माझा बोर्ड माझ्याकडे आहे. वीस वर्षं नाही टिकणार, खडक आहे, कधीतरी याचेही दोन तुकडे होतील. ते तुकडे मी तुझ्याकडे पाठवणार नाही. ती कड तुझ्याइतकी कुणाला जमणार नाही, हे मला तुझ्याहून जास्त ठाऊक आहे. दुसरा कुणीतरी नक्कल करेल, बरी-वाईट करेल, आणि मी तिच्यावरून पडेन. पण मला सांगेल तरी, बाई, मला हे एवढंच जमलं. मग मी का पडले ते मला ठाऊक असेल.

तुझी बहीण